यंदा तू बर्फ आण

प्रिय रोंडाताई,

हे पत्र फाडायचंच असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग. फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस. चर्चमध्येही आता तू पुढच्या बाकावर बसतेस. अख्खी प्रार्थना मला तुझी टोपीच काय ती दिसते.

जुलैतल्या आपल्या घराण्याच्या मेळाव्यापासूनच सुरुवात करते. आईनंतर बटाट्याचं सॅलड मीच करत आले. आपल्यात ते वाटेल त्याला करू देत नाहीत. ज्याच्या हातावर सगळ्यांचा भरवसा, त्यानेच करायचं. यंदा अर्लीनमावशीचा फोन आला. "कॉर्लिस, बाळा, यंदा तू बर्फ आण." बर्फ, ताई! चुलतभावांच्या नव्या मैत्रिणींना सांगतात ते काम. सगळ्यांसारखा जांभळा टी-शर्ट घालून मी पार्कात बर्फाच्या पिशव्या वाहिल्या. सॅलड दुकानातलं होतं आणि त्यात चक्क मनुके होते. आपल्या लोकांनी मनुके खाल्ले, पण माझ्या हातचं नको! तेव्हा कळलं, मी त्यांच्यासाठी कोण झाले आहे ते.

कारण तुला माहीतच आहे. कॉलेजच्या प्रवेशात वंशाचा विचार करायचा नाही, म्हणजे आपल्या काळ्या मुलांना झुकतं माप नाही, असा कोर्टाचा निकाल आला आणि टीव्हीवाल्या पोरीने नेमका माझ्यासमोर माइक धरला. मी म्हटलं, बरं झालं. आमच्या मुलांना दारात उभं करून कातडी दाखवायला लावू नका. संध्याकाळी तू माझ्या दुकानात आलीस आणि औषधं घ्यायला आलेल्या लोकांसमोर ओरडलीस, "ज्या शिडीने वर चढलीस तिलाच लाथ मारतेस? लाज नाही वाटत?" मी गिऱ्हाइकाच्या गोळ्या मोजत होते, त्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

मला प्रवेश मिळवून देणाऱ्या त्या शिडीवरची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आमचे एक प्राध्यापक होते, अतिशय प्रेमळ. त्यांनी माझ्या पेपरला पूर्ण गुण दिले. खोलीवर येऊन पाहते तर एक उत्तर साफ चुकलेलं. औषधाचं प्रमाण दहापट झालं होतं, पेशंट मेलाच असता. पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्याकडून एवढं येतं, हेच खूप आहे. जा, मजा करा." ताई, शिवी दिली असती तर मी पचवली असती. ती माया मला आजवर पचलेली नाही. तुमच्याकडून म्हणजे कुणाकडून, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही.

तू म्हणशील, आजीला तर त्या विद्यापीठाच्या फाटकातूनही आत सोडत नव्हते, त्याचं काय? ते मी विसरलेली नाही. फाटक बंद होतं तेव्हा कातडी बघूनच बंद होतं. म्हणूनच ती बघणंच मला नको आहे, मग ते प्रेमाने का असेना. यावर तू आणि मी मरेपर्यंत भांडू. भांडू या. पण आता मधे तुझी पोर, केझाया आली आहे.

शुक्रवारी ती माझ्याकडे आली. पाठीला बॅग, डोळे सुजलेले. तुमच्यात काय झालं ते तिने सांगितलं. "तो निबंध पाठवणार नसशील तर या घरात पाऊल टाकू नकोस," असं तू म्हणालीस. रागात म्हणालीस, हे मला कळतं. पण सतरा वर्षांच्या पोरीला ते खरंच वाटलं.

कॉलेजच्या अर्जासाठीचा तो निबंध मी वाचला. तिच्या बाबाच्या, लमारच्या छातीत कळा येत होत्या आणि इस्पितळात कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, तो गेला, ते सगळं. ते खरं आहे, ताई. त्यातलं एक अक्षर मी नाकारत नाही. त्याच्या जागी गोरा माणूस असता तर डॉक्टर कदाचित लवकर उठून आले असते, हेही मी नाकारत नाही. पण शाळेतल्या त्या सल्लागार बाई, मिसेस प्रेंटिस, त्यांनी समासात काय लिहिलंय पाहिलंस का? "इथे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं." केझाया मला म्हणाली, "मावशी, बाबा इस्पितळातल्या त्या खुर्चीत बसून मला जोक सांगत होता. मी हसू नये म्हणून तोंड दाबलं होतं. तो जोक त्यांनी काढायला लावला. म्हणे त्याने परिणाम कमी होतो."

रंग विचारू नका म्हटलं, तर आता जखम विचारतात. आणि आपण घरातलीच माणसं पोरीला सांगतो, नीट उघडून दाखव. हे होईल असं मला वाटलं नव्हतं. माझं मत त्याने बदललं नाही, उलट घट्ट झालं. पण टीव्हीवर बोलले तेव्हाइतकं हलकं मात्र आता वाटत नाही.

तुला काय हवं आहे ते मला कळतं. लमारच्या जाण्याचं काहीतरी चीज व्हावं, निदान त्यातून पोरीला एक दार उघडावं. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही हट्ट धरला असता. पण ताई, तिला तिचा बाप कुणाला द्यायचा नाहीये.

तिने नवा निबंध लिहिला आहे. शाळेच्या बँडमध्ये तो अगडबंब ट्यूबा वाजवणारी ती एकटी मुलगी, त्यावर. मी एक शब्दही बदललेला नाही. स्वल्पविराम दोन-तीन चुकलेत, तेही तसेच ठेवले. त्याने ती आत जाईल की नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते, खरंच वाटते. अर्जाची मुदत उद्या संपते. पण तू वाचल्याशिवाय तो पाठवणार नाही, असं तिने ठरवलं आहे. तो जोक मात्र तिने कुठेच लिहिलेला नाही. मलाही सांगितला नाही. त्या दिवशी तू कामावर होतीस, म्हणून तो तुझ्यासाठी राखून ठेवला आहे म्हणते. आजवर सांगायचा धीर झाला नाही तिला.

म्हणून हे पत्र टपालाने पाठवत नाही. ज्या हातांनी ते तुला दिलं ते हात अजून तुझ्या दारात आहेत, आणि त्यांत आईचा पिवळा वाडगा आहे. सॅलड आहे, मनुके नाहीत. माझ्यावरचा राग तसाच ठेव. सॅलड हवं तर शेजारच्या कुत्र्याला घाल. पण एवढा वेळ ती पोर तुझ्या तोंडाकडे बघत उभी आहे, ताई. आता कागद खाली ठेव आणि तिला आत घे.

बर्फ आणणारी, पण तुझीच,
कॉर्लिस