दुसऱ्या खांद्याची खांदेमळणी

शेवगाव, पोळ्याची आदली संध्याकाळ

मोटारसायकलवरून पडून खांद्यात गळ्याच्या हाडापाशी तुटलेले लिगामेंट डॉक्टरांनी ऑपरेशन करून नव्याने बांधले, त्याला आज बारा दिवस झाले. संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, हळद-लोण्याची ती चेपलेली पितळी वाटी घेऊन खाटेपाशी आले. मी खेकसलोच, "दादा, पट्टीला हात लावायचा नाहीये!"

"म्हाईत हाय मला. दुसऱ्या खांद्याला लावतो."

उगाच ओरडलो का मी? आमचा बैल सर्जा विकल्यापासून गोठा रिकामाच आहे. लहानपणी दादा त्याचा खांदा मळायचे तेव्हा हीच वाटी मी धरायचो. अंगठ्याचा जोर अजून तोच. मळून झाल्यावर सवयीनं त्यांच्या तोंडून बैलाला द्यायचं पोळ्याचं आवतान निघून गेलं, "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या."

सर्जा घालायचा तशी मी मान खाली घातली.