दहा वर्षांनी सारखेच

गुरुवार, २१ नोव्हेंबर २०१९
खाडीच्या अलीकडे

क्लेटन,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच नाव. घरी सगळे बरे असतील. मीही बरा आहे. वाऱ्याने शेडचा पत्रा उडाला होता, तो पुन्हा ठोकला. डोरीनवहिनीने पाठवलेलं माशाचं सूप पोचलं. त्यात हॅडक मासा कमी आणि बटाटे जास्त होते, पण तो वहिनीचा दोष नाही, डबा तू भरला असशील.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा मला इथून दिसतो, तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन ओळी लिहिल्यास, त्याही कामापुरत्या: 'सोबतचं कात्रण कोरिनला वाचून दाखव. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.'

वाचलं कात्रण. मणक्यातली गादी सरकलेल्यांपैकी काहींनी ऑपरेशन केलं, काहींनी गोळ्या आणि व्यायामावर भागवलं, आणि दहा वर्षांनी पाहिलं तर दोन्हीकडचे लोक जवळपास सारखेच. या वाक्याखाली तू लाल पेनने दोन रेघा मारल्यास. त्याच्याच खाली छापलंय की ऑपरेशनवाल्यांचं दुखणं कितीतरी लवकर थांबलं, आणि पायातली शक्ती जात असेल तर वाट बघत बसायचं नसतं. तिथे रेघ नाही. पेनमधली शाई नेमकी तिथेच संपली वाटतं.

आडून कशाला बोलतोस? कोरिनची गादी सरकलीय आणि सोमवारी शेवंडीचा सीझन उघडतोय. सगळ्या बोटी सापळे लादून निघणार, आणि तुला शेवंडी ओढायला माणूस हवंय. तुझ्या पोरीसारखं काम करणारं माणूस या किनाऱ्यावर मिळायचं नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ती पोर आहे तुझी, बोटीवरचं यंत्र नव्हे.

रविवारी ती माझ्याकडे आली होती. दारातल्या पायरीला ठेचकाळली.

"काही नाही काका, बूट मोठे आहेत. बाबा म्हणाले बदलून घे."

"बूट काढ आणि टाचांवर चालून दाखव."

"तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

"चाल गं गुमान."

चालली. डावा पंजा वर येईचना, फरशीवर फटफट आपटत होता. मग तिचं हसू गेलं आणि ती खुर्चीत बसली.

"ऑपरेशनची तारीख आलीय," म्हणाली, "पण नेमकी सोमवारची. बाबा म्हणतात, मे महिन्यात सीझन संपला की बघू. अशा दिवशी त्यांना सोडून कशी जाऊ? आणि तुम्ही तरी कुठे केलंत ऑपरेशन? चाललंय की तुमचं छान."

हे 'छान' मला झोंबलं, क्लेटन.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. दहा वर्षांपूर्वी, एकाच वर्षी आपल्या दोघांच्याही पाठीने दगा दिला. दोघांनाही नोव्हेंबरातल्याच तारखा मिळाल्या. तू म्हणालास, "एकाला तरी बोटीवर राहायला हवं, आणि मला पोरंबाळं आहेत." तू गेलास. मी हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, सीझन झाल्यावर येतो. माझं नाव यादीच्या शेपटाला गेलं. जानेवारीत माझा पंजा उचलेनासा झाला तेव्हा मी तुला दाखवला होता, डेकवर, तुझ्यासमोर उभं राहून. तू म्हणालास, "बूट बदल." माझा नंबर लागेस्तोवर ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गावाला वाटतं मी धक्क्यावर बर्फात घसरून पडलो. ते मीच पसरवलं. आई होती तेव्हा. थोरल्याने धाकट्याचा पाय घालवला, हे तिच्या कानावर जाऊ नये असं मला वाटायचं. आता आई नाही. आता कुणासाठी झाकून ठेवू?

पाठ दुखत नाही, हे खरं. उद्या कुणी फोन करून विचारलं तर मीही 'बरं आहे' म्हणेन आणि तुझ्या कात्रणातल्या त्या 'सारख्याच' लोकांत जमा होईन. पण दहाव्या वर्षाला पोचायला आधीची नऊ जगावी लागतात. ऑपरेशननंतरच्या ईस्टरला तू वहिनीबरोबर नाचत होतास, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर झोपत होतो, कारण गादीवर कूस बदलवत नव्हती. शॅरनने बायको म्हणून माझी चिडचिड जमेल तेवढी सोसली आणि मग बहिणीकडे निघून गेली. मी तिला दोष देत नाही. तुला देतो. पंजा अजूनही प्लास्टिकच्या पट्टीत बांधून चालतो मी. पँट लांब असते, म्हणून दिसत नाही.

ती पट्टी मी कोरिनसमोर सोडली. कात्रणही वाचून दाखवलं, तू सांगितल्याप्रमाणे. फक्त पूर्ण वाचलं.

पोरीने ती पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाली, "बाबांना हे माहीत होतं?"

हे उत्तर द्यायचं माझं काम नव्हे. ते तू दे.

सोमवारी पहाटे मी तिला हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात नेतोय. ती हो म्हणाली आहे, पण तुझ्या परवानगीशिवाय निघताना तिचा जीव अर्धा होणार, हे तुलाही कळतं. तिचा पाय वाचेलच अशी हमी डॉक्टर देत नाही. मे महिन्यापर्यंत थांबली तर काय होतं, त्याची हमी मात्र मी देऊ शकतो.

या किनाऱ्यावर सीझनच्या पहिल्या दिवशी कुठला कप्तान घरी राहिल्याचं मी ऐकलेलं नाही. लोक हसतील. हसू देत. सापळे मंगळवारीही बुडतात.

गाडीत मागची सीट रिकामी आहे. तुझ्या दारावरून जाताना मी वेग कमी करीन, हॉर्न वाजवणार नाही.

भाऊ म्हणून सही करावी की नाही, हे तू सोमवारी बोटीत असशील की गाडीत, त्यावर आहे. तोवर नुसताच,

आल्टन