पिवळा दिवा आणि ह्यांची मान

मंगळवार, ४ मार्च
पेटला! पेट्रोल भरून पंपावरून निघालो आणि पुढच्याच सिग्नलला स्टिअरिंगमागे पिवळा दिवा. चित्र बघितलं — चक्क नळ! म्हटलं, गाडी पाणी मागतेय. घरी येऊन बॉनेट उघडलं, काच धुवायच्या बाटलीत पाणी ओतलं, अगदी काठोकाठ. हे सीटवर बसून मान हलवत होते. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मी खूश! मानेचा व्यायाम, तोही न सांगता! 'शाब्बास' म्हटलं, तर आणखी जोरात हलवायला लागले.

दिवा काही गेला नाही. गाडी बंद पडली तर ह्यांचा बोलायचा वर्ग बुडेल, ही खरी काळजी. अर्धांगाच्या झटक्यानंतर पाय सुधारला, हात सुधारला. शब्द मात्र एकही नाही.

बुधवार, ५ मार्च
गाडीचं पुस्तक काढलं. नळ नाही, इंजिन आहे ते! म्हणजे काल व्यायाम नव्हता, 'नको, नको' चाललं होतं! मी सांगितल्यावर हे इतके हसले की डोळ्यांत पाणी. आवाज नाही, नुसते खांदे हलतात.

दिवा लुकलुकला तर लगेच थांबा, नुसता पेटून राहिला तर लवकर गॅरेजला दाखवा, असं लिहिलंय. आमचा नुसता पेटलेला. जीव भांड्यात पडला. 'अहो, कालच बोलायचं ना मग!' — तोंडून गेलंच. जीभ चावली. ह्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

शुक्रवार, ७ मार्च
वर्गाआधी गॅरेज. गॅरेजवाल्याने यंत्र जोडलं आणि हसला. "काकू, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल आहे. वाफ निसटतेय, म्हणून गाडीची तक्रार." पंपावर मागचा हॉर्न वाजवत होता, मी घाईत झाकण नुसतं टेकवलेलं! टकटक आवाज येईपर्यंत फिरवायचं म्हणे. "दिवा मी आत्ता घालवू शकतो. पण आपोआप गेला, तर दुसरं काही बिघडलेलं नाही हे कळेल. चार फेऱ्या होऊ देत."

वर्गात बाईंनी कप दाखवला, किल्ली दाखवली. ह्यांनी ओठ हलवले, मग खाली बघत बसले. परतताना डोळे सारखे त्या दिव्यावर. घरात माझीच बडबड, कधीकधी मलाच कंटाळा येतो तिचा. पण शेजारी बसलेले असतात. बरं वाटतं.

मंगळवार, ११ मार्च
वर्गाला निघालो होतो. पुलावर शेजारून आवाज आला — "गेला!"

दिवा गेला होता. पण मी दिव्याकडे कुठली बघतेय! वळून ह्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले.

"समोर बघ!"