मनोऱ्याला सुटलेलं पोट

रविवार, ७ जानेवारी
आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर माणसाने शिस्त सोडू नये.
स्केचिंग ग्रुपबरोबर पहिली सहल. बंदरावरचं जुनं कस्टम हाऊस आणि त्याचा घड्याळाचा मनोरा. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. बाकीचे सगळे हौशी. एक टोपीवाली बाई तर मनोरा सोडून धक्क्यावरचं मांजर काढत बसली. मी जन्मभर बिल्डिंगचे प्लॅन काढलेला ड्राफ्ट्समन. सरळ रेघ म्हणजे आपल्या हातचा मळ.
पद्धतशीर माप घेतलं. हात ताठ, पेन्सिल उभी, डावा डोळा बंद. तेव्हा लक्षात आलं की मनोऱ्याला मधोमध पोट सुटलंय. इतकी वर्षं उभा आहे बिचारा, सुटणारच. माझं तर बसून बसून चाळिशीतच सुटलं. जसं दिसलं तसं काढलं.
ग्रुप चालवणारे सर प्रत्येकाच्या मागे उभे राहतात, छान म्हणतात आणि पुढे सरकतात. माझ्या मागे थांबले. म्हणाले, वा! काय मोकळी रेघ आहे, इमारत श्वास घेतेय. ऑफिसात माझ्या रेघेला फार तर 'चालेल' म्हणायचे. वा कोणी म्हटलं नव्हतं.
घरी हिला दाखवलं. ही म्हणाली, वाकडं आहे. हिला कलेतलं काही कळत नाही.

सोमवार, ८ जानेवारी
शंका नको म्हणून डावा डोळा मिटून पेन्सिल तपासली. तीही मध्ये वाकलेली! तडक स्टेशनरीवाल्याकडे गेलो. त्याने पेन्सिल काउंटरच्या काचेवर सोडली. ती सरळ गडगडत गेली आणि पलीकडे पडली. म्हणाला, काका, काही वाकडी नाही. काउंटरला उतार असणार. पेन्सिल बदलून घेतली. हीही वाकडी. अख्खा लॉटच खराब आला असेल.

रविवार, २१ जानेवारी
आज किल्ल्याची समुद्राकडची भिंत. गेल्या रविवारी ग्रुपने सुट्टी घेतली होती, मी एकटाच जाऊन मनोरा पुन्हा काढून आलो. पोट वाढलंय.
किल्ल्याचंही तेच. भिंत आत ओढल्यासारखी. सर म्हणाले, याला शैली म्हणतात. सगळ्यांना गोळा करून माझी वही दाखवली आणि मला चार शब्द बोलायला लावलं. मी मोकळेपणावर बोललो. नियम आधी हाडात मुरले पाहिजेत, मगच ते मोडता येतात, असं काहीतरी. छान बोललो. टोपीवालीने लिहून घेतलं.
घरी आल्यावर चहा कपाऐवजी बशीत ओतला गेला. ही बघत राहिली. म्हणाली, डोळे दाखवून या. म्हटलं, कपालाच पोट सुटलंय. ही हसली नाही.

गुरुवार, २५ जानेवारी
दादाचा फोन. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची नजर मधोमध गेली आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माणसं आवाजावरून ओळखतो. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघतो.
हिने त्याचे कान भरलेले दिसतायत. थेट विचारलं, काय रे, खांब वाकडे दिसतात का? म्हटलं, छे. म्हणाला, मीही छेच म्हणायचो. चष्मेवाल्याशी भांडलो, शिव्या दिल्या, चष्मा तोंडावर फेकला. माझ्या वेळी इलाज नव्हता, आता आहे म्हणतात. पण वेळेत गेलं तरच. म्हटलं, दादा, माझी ती शैली आहे. 
फोन ठेवून बाथरूममध्ये गेलो. एकेक डोळा मिटून भिंतीवरच्या टाइल्स पाहिल्या. डाव्याने सरळ. उजव्याने मधली रांग मोडून पडल्यासारखी. टाइल्स बसवणारा गवंडी लबाड होता, हे मला तेव्हाच माहीत होतं. एका डोळ्याला ती लबाडी दिसते, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक.

बुधवार, ३१ जानेवारी
सभ्य नागरिक म्हणून जुन्या इमारती सांभाळणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं. कस्टम हाऊसचा मनोरा फुगतोय, आठवड्यागणिक फुगतोय, एखाद्या दिवशी लोकांच्या डोक्यावर बसेल. पुरावा म्हणून चित्रांच्या झेरॉक्स जोडल्या.
हिने डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. सोमवारची. जाईन की. मी कुठे नाही म्हणतोय?

सोमवार, ५ फेब्रुवारी
गेलो नाही. म्हणजे निघालो होतो. दवाखान्याच्या गेटपर्यंत गेलो. आत बाकावर एक म्हातारा बसला होता आणि त्याची मुलगी त्याच्या शर्टाची बटणं नीट लावत होती. परत फिरलो. बागेत बसून बाकाचं चित्र काढलं.
हिला सांगितलं, गर्दी होती.
शांतपणे विचार केला तर बरोबरच केलं. डॉक्टर म्हणजे काय, जे वेगळं दिसेल ते बरं करून टाकणार. एवढ्या वर्षांनी हाताला शैली आली, ती थेंब घालून घालवायची? आणि काही असलंच तर आपोआप बसेल. सर्दी बसते, सूज बसते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
जुन्या इमारतींच्या त्या ऑफिसातून फोन आला. बंदरावर या, तुमच्यासमोर तपासतो. म्हटलं, बघा, कामाच्या माणसाची किंमत असते. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
इंजिनिअर मुलगी होती, चुणचुणीत. शिडी लावून तिने वरून ओळंबा सोडला. दोरीला जड लोखंडी गोळा. खाली चार रिकामटेकडे जमले. ती म्हणाली, बघा काका, भिंत आणि दोरी, अंतर वरपासून खालपर्यंत सारखं. मी डावा डोळा मिटून पाहिलं. दोरीच वाकलेली! गोळा लटकतोय आणि दोरीला बाक. म्हटलं, तुमचा ओळंबा वाकडा आहे. जमलेले लोक हसले. ती हसली नाही. खाली उतरली, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, काका, तुमच्याबरोबर कोणी आलंय का?
बसने घरी आलो. स्टॉपवर सवयीने डावा डोळा मिटला, बसचा नंबर दिसेना, कंडक्टरला विचारला. सरकारी ऑफिसं दोऱ्याही हलक्या घेतात.
भीती वाटते. लिहिलं. आता खोडत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी
सहलीला गेलो नाही. दिवसभर घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. उजवा मिटून टीव्ही, डावा मिटून टीव्ही. बातम्या देणाऱ्या बाईला नाक नाही. केस आहेत, कानातलं आहे, मध्ये नुसता धूर.
हिने विचारलं, असा डोळा काय मिचकावताय? म्हटलं, व्यायाम.
निश्चय: पुढच्या रविवारी दीपगृहाची सहल आहे. तेवढं एक चित्र मनासारखं काढतो. मग डॉक्टर, थेंब, चष्मा, काय म्हणाल ते. देवा, तेवढं एक.

रविवार, १८ फेब्रुवारी
दीपगृहाकडे पाहिलंच नाही. त्याला पोट असणार, कंबर असणार, नको ती भानगड. पाठ फिरवून समुद्रासमोर बसलो. समुद्र म्हणजे एक आडवी रेघ. कुठल्या गवंड्याने बांधलेला नाही, कुठल्या दुकानातून आणलेला नाही.
डावा डोळा मिटला. समुद्र मधोमध खचला होता.
आधी मनाला समजावलं, पृथ्वी गोल आहे, बाक असणारच. मग नजर डावीकडे नेली. खड्डा डावीकडे सरकला. उजवीकडे नेली, खड्डा उजवीकडे. जिथे बघेन तिथे. पृथ्वी गोल आहे हे मान्य. पण ती माझ्या मागे मागे फिरत नाही.
उजवा मिटला. समुद्र सपाट. मी पट्टीने मारली असती तशी रेघ.
किती वेळ बसलो, कळलं नाही. कागद कोरा. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, वा, रिकामी जागा सोडायचं धाडस पाहिजे. मला रडू आलं. सरांना वाटलं, कौतुकाने आलं. त्यांनी पाठ थोपटली.
घरी आल्याबरोबर हिला सगळं सांगितलं. गेटवरून परतलो तेही. वाटलं होतं, ही आकाशपाताळ एक करील. तिने फक्त पायात चपला सरकवल्या. म्हटलं, अगं, आज रविवार, दवाखाना बंद असतो. मग ती तशीच चपला घालून खुर्चीत बसून राहिली.

मंगळवार, २० फेब्रुवारी
काल नंबर लागला नाही, आज लागला. डॉक्टरीणबाईंनी आधी हातात एक कागद दिला. चौकटी चौकटी, मध्ये ठिपका. एकेका डोळ्याने बघा, काय दिसतं सांगा. उजव्याने पाहिलं आणि तोंडातून गेलंच, छपाई खराब आहे. त्यांनी तो कागद हिच्या हातात दिला. हिने पाहिला आणि मान खाली घातली.
त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, असं नक्की सांगता येणार नाही. हिने पिशवीतून माझी स्केचबुकं काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख घालायची मला ऑफिसपासूनची सवय.
बाईंनी एकेक पान उलटलं. मनोरा, पुन्हा मनोरा, किल्ला, बाक. घाई नाही, छान म्हणणं नाही, पुढे सरकणं नाही. माझी चित्रं इतक्या लक्ष देऊन आजवर कोणी पाहिली नव्हती, सरांनीसुद्धा नाही. मी खुर्चीत जरा सावरून बसलो. त्यांनी विचारलं, विद्यार्थ्यांना शिकवताना दाखवायला यांचे फोटो घेऊ का? म्हटलं, घ्या की. मग थेंब घालून डोळे तपासले आणि सांगितलं. शुक्रवारपासून इंजेक्शनं, थेट डोळ्यात. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर डाग पडलाय, तो वाढू नये म्हणून. उजव्यात मधलं गेलं ते गेलं, परत यायचं नाही. डावा डोळा चांगला आहे, त्याला जपायचं, आणि काही वाकडं दिसलं की त्याच दिवशी यायचं.
हिने माझा हात धरला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, त्यातलं सगळ्यात चांगलं चित्र कुठलं वाटलं?
बाई म्हणाल्या, पहिलं. ते काढलंत त्याच आठवड्यात आला असतात, तर डोळा वाचला असता.