हॉलमधला समुद्र

९ मार्च
टाकी आली. तीन फुटी. माझी बायको भावना दारातच म्हणाली, "माशाची आहे का मगरीची?" मासे नाहीतच, म्हटलं. कोरल — जिवंत पोवळी! तिनं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं पाइप जोडायला बसलो.

खरं कारण इथेच लिहितो. तोंडानं सांगायची हिंमत नाही. नऊ वर्षांपूर्वी आईची पुरीची तिकिटं काढली होती. हिंगण्याला कंपनीत मेंटेनन्सचं मोठं काम निघालं आणि मी ती रद्द केली. पुढच्या वर्षी नेतो म्हटलं. मग तिचे गुडघे गेले. ऐंशीला आली, समुद्र काही पाहिला नाही. ती जाऊ शकत नाही, तर समुद्रच हॉलमध्ये आणायचा.

११ मार्च
आरओच्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं. ढवळायला वरणाचा मोठा पळा घेतला, तो आता भावना परत घेत नाही. खारेपणा मोजला — अगदी बरोबर. आईनं बोट बुडवून चाखलं.

"खारट झालं गा अनंता. थोडं पाणी टाक."

१६ मार्च
शेजारचे मारोतराव आले. रिटायर्ड तलाठी, मोजणी केल्याशिवाय कुठे बसत नाहीत. टाकीत पाणी आणि दगड. पाच मिनिटं शोधलं त्यांनी. मी सांगितलं, आधी दगडांवर चांगले जंतू वाढू द्यायचे, मग पोवळी आणायची. दीड-दोन महिने लागतात.

"पोवळं? मंगळ कोणाले आहे घरात?"

३ एप्रिल
रोज सकाळी पाण्यातला अमोनिया तपासतो; जंतूंनी तो संपवला की पोवळी आणायची. अजून आहे. भावना म्हणे, "माहं बीपी पाहिलं का कधी असं?" पाहायला पाहिजे, खरं आहे.

१७ एप्रिल
बाहेर त्रेचाळीस. टाकीचं पाणी एकतीस. पोवळ्यांना सव्वीसच लागतं. बेडरूममधला एसी काढून हॉलमध्ये लावला. भावनेला कूलर दिला.

१९ एप्रिल
भावनेनं दोन रात्री कूलरवर काढल्या. आज गादी घेऊन हॉलमध्ये आली. आईची खाट आधीपासून इथेच. मारोतराव जेवण झालं की "समुद्र पाहायले" येतात आणि दोन ते साडेचार घोरतात.

२४ एप्रिल
अमोनिया शून्य! कंपनीत पेढे वाटले. सगळे विचारत होते, "पोरीचं लग्न जमलं का?" नाही, अमोनिया गेला म्हटलं. पेढा मात्र सगळ्यांनी खाल्ला.

काच साफ ठेवायला पाच गोगलगायी सोडल्या. आई दिवसभर त्यांच्याशीच बोलून राहिली आहे.

२९ एप्रिल
चमत्कार आहे. एवढ्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर आटायला पाहिजे, तेवढं वरून घालावं लागतं. पण मी पेनानं खूण केली तिथून पाणी हलत नाही! झाकण मी स्वतः बनवलं होतं. पेटंट घ्यावं म्हणतो. मारोतरावांना अर्धा तास समजावून सांगितलं. नंतर कळलं, झोपले होते.

४ मे
तीन गोगलगायी उलट्या पडल्या. हलत नाहीत. मुंबईच्या कोरलवाल्याला फोटो पाठवला. "पाण्यात तांबं गेलं असेल. तपासा." पोवळी येत्या रविवारी विमानानं निघणार आहेत!

पंप उघडला, वायरी पाहिल्या. काही नाही. मारोतरावांच्या बोटात तांब्याचं वळं आहे, म्हणून त्यांना विचारलं. फार लागलं त्यांना. "मी हात नाही घातला बाप्पा. मी फक्त झोपतो."

६ मे
तपासलं. तपासणीच्या नळीत पाणी निळं झालं, म्हणजे तांबंच. पाचही गोगलगायी गेल्या.

७ मे
सकाळी दूध घ्यायला उठलो, तर आई टाकीपाशी. एक हात काठीवर, झाकण बाजूला. दुसऱ्या हातात देवघरातला तांब्याचा गडू, रात्रभर भरून ठेवलेला. डोळे मिटून टाकीत धार धरली होती.

"काय करून राहिली वं आई!"

"समुद्राले अर्घ्य देऊन राहिली. रोजच देतो."

झाकणाचं पेटंट ते असं गेलं. दगडामागे भोकाचा जुना पैसाही निघाला, हिरवा पडलेला. नदी लागली की टाकतात, तसा टाकला होता तिनं. मी फार बोललो. विष घातलंस, दोन महिन्यांची मेहनत मातीत घातलीस — असलं बोललो.

"मले वाटलं समुद्र आहे," आई म्हणाली. "खरा एवढा नाजूक नसंल." गडू घेऊन आत गेली. जेवली नाही. मीही नाही.

९ मे
पोवळी नको म्हणून कळवलं. बादल्या भरभरून पाणी काढलं. मग आईच्या खाटेवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पुरी, रद्द केलेली तिकिटं, तिचे गुडघे, म्हणून ही टाकी. चुकलो म्हटलं.

"गुडघे माहे, अन् ठरवलं तू," आई म्हणाली. "मले विचारलं का एकदा तरी? स्टेशनावर चाकाची खुर्ची भेटते. मारोतरावाची बहीण तशीच काशीले जाऊन आली. मी वाट पाहून राहिली होती, तू कधी विचारतो म्हणून."

नऊ वर्षं. नाही विचारलं.

२ जून, पुरी
खुर्ची वाळूत रुतली. मी आणि भावनेनं आईला पाण्यापर्यंत उचलून नेलं. तिनं तांब्याचा गडू समुद्रात रिता केला, वाकून बोट बुडवलं, चाखलं.

"खारट आहे गा," म्हणाली. "पण राहू दे."