मशीनरूमचा चीफ

१ ऑक्टोबर
लो साहेबांनी आज जाहीर केलं. जानेवारीतल्या चांद्र वर्षअखेरच्या मेजवानीआधी जो लिनक्सची परीक्षा पास होईल, तो मशीनरूमचा चीफ. म्हणजे मीच! इतकी वर्षं सर्व्हर कोण सांभाळतंय? दुसरी उमेदवार यी-च्येन, परवापरवा लागलेली पोर. बिचारी. उद्यापासून रोज पहाटे अभ्यास.

२ ऑक्टोबर
आमच्या शिंचू शहराचा बोचरा वारा. पहाटे उठणं अशक्य. संध्याकाळी बसणार.

११ ऑक्टोबर
संध्याकाळी मुलगी पियानो बडवते. बायकोला म्हटलं, मेइ-चिन, ह्या घरात अभ्यासाचं वातावरणच नाही. म्हणाली, वातावरण आहे हो, अभ्यास कुठाय? असल्या घरात राहून मी एवढं करतो, हेच खूप.

२९ ऑक्टोबर
यी-च्येन डबा खाताखाता सराव करते. प्रत्येक वेळी शेवटी मशीन बंद करून परत चालू करते. हसू आलं. म्हटलं, पोरी, माझा मेन सर्व्हर नऊ वर्षांत एकदाही बंद झालेला नाही, ह्याला इज्जत म्हणतात. तर मलाच विचारते, फानदादा, बंद केलात तर परत उठेल का तो? शिंगं फुटलीत.

१६ नोव्हेंबर
पुस्तक आणलं. जाड आहे. मशीनरूममध्ये सगळे ठेवतात तसं घरच्या कॉम्प्युटरवरही खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं. चौथ्या पानापर्यंत पाकीट मीच संपवलं. जे रोज करतो, ते वाचायचं तरी काय?

५ डिसेंबर
परीक्षा झाली. अगदीच सोपी! दिलेल्या मशीनवर सगळी कामं केली, सगळं चालताना डोळ्यांनी पाहिलं आणि वेळेच्या बराच आधी उठलो. यी-च्येन शेवटपर्यंत खुर्चीला चिकटून. कीव आली. सासऱ्यांना फोन करून चीफ झालो म्हणून सांगून टाकलं.

८ डिसेंबर
शून्य. तपासण्याआधी म्हणे ते मशीन बंद करून चालू करतात. माझं उठलंच नाही. शुद्ध हलकटपणा! चालत्या मशीनला हात लावणारे हे कसले परीक्षक? यी-च्येन पास. मेइ-चिनला म्हटलं, निकालात घोटाळा आहे. तिनं ते जाड पुस्तक उचलून कपाटावर ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी
मेजवानी. नव्या चीफबाई साहेबांच्या टेबलावर. आमच्याकडे अख्खी कोंबडी आली. तिचं डोकं ज्याच्याकडे, त्याची नोकरी गेली, अशी जुनी रीत. हल्ली सगळे गमतीवारी नेतात. वाढप्यानं ताट ठेवलं आणि डोकं नेमकं माझ्याकडे. कुणी हसेना.
यी-च्येन पेला घेऊन टेबलाटेबलावर फिरत होती. तिनं पाहिलं, ताट फिरवलं, डोकं स्वतःकडे घेतलं. टाळ्या पडल्या. म्हणाली, फानदादा, तुमच्याशिवाय माझं कसं चालेल? जेवा. मनापासून म्हणाली, मेली. त्याचाच संताप आला.
मग तंगडी तोडून तिनं स्वतःच्या हातानं माझ्या वाडग्यात वाढली.
खाल्ली.