राहत्या माणसासह घर

२ फेब्रुवारी

घड्याळजींचा खोकला थांबला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही — एवढे तरी या वहीत खरे लिहावे.

घर मी विकत घेतले ते राहत्या माणसासह. म्हणजे किंमत निम्मी. आणि विकणारे घड्याळजी जिवंत असेपर्यंत खालच्या दोन खोल्यांत राहणार, मी वर, उतरत्या छपराखाली, जिथे ताठ उभे राहता येते ते केवळ मधल्या पट्ट्यात. ते गेले की संपूर्ण घर माझे. शहरातली जागा विकून आले आहे. परतायला आता दार नाही. वकील म्हणाले होते, "पिकलं पान आहे, बाई." हे पिकले पान रोज माझ्याआधी उठते आणि जिन्याखालून ओरडते, "मालकीणबाई, आहे बरं का मी अजून!"

उत्तर काय द्यावे, याचा शिष्टाचार कोणत्याही पुस्तकात नाही.

५ फेब्रुवारी

घराच्या मालकीचा इतिहास लिहायला घेतला आहे. गावावर सोपवला असता तर दंतकथांचे गाठोडे झाले असते. मी दस्तऐवजांवरून लिहिते आहे आणि चित्र विलक्षण आहे. गवंड्याने घर बांधले, म्हातारपणी सुईणीला विकले आणि इथेच राहिला. सुईण वाट पाहत बसली. घर ताब्यात आले तेव्हा तिचेच गुडघे गेले होते. तिने ते मिठाच्या व्यापाऱ्याला विकले आणि इथेच राहिली. व्यापाऱ्याचे तेच, त्याच्यानंतरच्या पोस्टमास्तरांचे तेच. त्यांच्याकडून घड्याळजींनी घेतले.

निष्कर्ष लिहिला आणि पेन खाली ठेवले: या घरात मालक म्हणून सुखाने कोणी राहिलेच नाही. आधी वाट पाहायची, मग विकून राहायचे.

घड्याळजींना वाचून दाखवले. म्हणाले, "मीठवाला रोज दारात यायचा आणि सुईण त्यालाच विचारायची — काय रे, फार खंगलास, काढा देऊ का?"

"याला पुरावा?"

"पुरावा काय! मी हसतोय की आत्ता!"

११ फेब्रुवारी

ते पडले. भिंतीवरचे घड्याळ काढायला स्टुलावर चढले होते — या वयात! माझ्या हाकेने शेजारची पाववाली धावत आली आणि मलाच ओरडली, "तुम्ही डॉक्टर ना? बघा की काहीतरी!"

मी विभक्तिप्रत्ययांची डॉक्टर आहे. त्या क्षणी हे सांगणे हास्यास्पद होते, तरी सांगितले.

खऱ्या डॉक्टरांनी खुब्याचे हाड मोडल्याचे सांगितले. हृदयही थकले आहे, शस्त्रक्रिया झेपणार नाही. "आता उठणं कठीण." मी जिन्यात उभी राहून ऐकले. कठडा घट्ट धरला होता. कोणत्या भावनेने, ते लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी

त्यांची लेक आली. चाळिशीची. दोन बॅगा आणि शिवणयंत्र. पाहुणा शिवणयंत्र घेऊन येत नाही!

"काकू, जरा धरता का एक बाजू?"

"मी कोणाची काकू नाही."

"बरं काकू. धरा तर!"

धरले. खाली ठेवल्यावर विचारले, किती दिवस राहणार. ती माझ्याकडे बघतच राहिली. "किती दिवस म्हणजे? कागदात आहे ना — राहत्या माणसांसह. बाबा आणि मी."

ओठांचे उच्चार ढिसाळ. पण त्या एका अक्षरावरचा नाकातला सूर तिने अगदी स्वच्छ लावला.

वर जाऊन खरेदीखत काढले. तीन ठिकाणी 'राहता माणूस', एकवचनी. तिसऱ्या पानावर मात्र — 'राहत्या माणसांसह'. 'सा'वर एक टिंब. एका टिंबाने एकाचे अनेक झाले. ती आयुष्यभर इथे राहू शकते. मी बासष्ट वर्षांची आहे.

१४ फेब्रुवारी

वकील मोठ्याने हसले. "टायपिंगची चूक हो! बाकी सगळीकडे एकवचन आहे. नोंदणी अधिकाऱ्यांपुढे अर्ज करू. तुम्ही फक्त म्हणायचं, सही करताना लक्षात आलं नाही. बस्स. लक्षात येऊन सही केली असती तर गोष्ट वेगळी — मग तुम्हाला मान्य होतं असा अर्थ निघतो." आणि मग, चष्म्यावरून: "नव्हतंच ना आलं लक्षात?"

मी पर्स बंद केली. फी विचारली.

१५ फेब्रुवारी

लक्षात आले होते.

१६ फेब्रुवारी

कालची ओळ खोडणार होते. या वहीत खाडाखोड करायची नाही, हा माझाच नियम.

सहीच्या दिवशी मी प्रत्येक पान बोट ठेवून वाचले. त्या टिंबापाशी बोट थांबले. मनात म्हटले, यांना एकवचन-अनेकवचन तरी कुठे कळते! आणि हसले. दाखवून दिले असते तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण दुसऱ्याची चूक पकडून ती आपल्यापाशीच ठेवण्यात एक श्रीमंती असते. मी ती ठेवली आणि सही केली.

१९ फेब्रुवारी

लेक औषधे आणायला गेली होती. मी घड्याळजींच्या उशाशी बसले. आवाज पार खोल गेला आहे, बुद्धी नाही.

"ते टिंब चुकून पडले ना?"

"कुठलं? तिसऱ्या पानावरचं? मीच घालायला लावलं. पोरीचं सासरी काही खरं नव्हतं तेव्हापासून."

"मग मला सांगायला नको होते?"

"सांगणारच होतो, मालकीणबाई. तेवढ्यात तुमचं बोट तिथंच थांबलं. म्हटलं, संपलं, आता भांडण. माझी तयारी होती हं भांडायची! आणि तुम्ही हसलात." ते थांबले, श्वास गोळा केला. "घरी येऊन पाववालीला म्हटलं, बाई तोंडाच्या तिखट आहेत, पण मन मोठं आहे."

मी त्यांना पाणी पाजले. ते टिंब चुकून पडल्याच्या कागदावर ते सही करतील का, हे विचारायला मी बसले होते. विचारले नाही.

"लेकीला हे सांगितलेत? माझ्या बोटाचे?"

"नाही बुवा. बोटाचं काय सांगायचं असतं?"

२४ फेब्रुवारी

घड्याळजी गेले. 'आजपासून घर संपूर्ण माझे' — या दिवसासाठी हे वाक्य मी केव्हाच रचून ठेवले होते.

२ मार्च

खाली शिवणयंत्र चालते, वर माझे टेबल थरथरते. अक्षर वाकडे येते आहे. सकाळपासून घराच्या इतिहासाची तीन पाने फाडली.

पाणी भरायला उतरले तेव्हा तिने यंत्र थांबवले.

"कोर्टात जाताय म्हणे, काकू."

"नोंदणी अधिकाऱ्यांपुढे. कोर्ट निराळे."

"मला हाकलायलाच ना? मग नाव काहीही असू दे." दोरा तोडला, दाताने. "नवऱ्याचं घर सोडून आलेय मी. बाबा म्हणाले होते, घर विकलंय, तुझी जागा विकलेली नाही. मी इथून हलणार नाही. पायऱ्यांवर फेकलंत तर पायऱ्यांवर शिवत बसेन."

तिच्या बोलण्यात चूक शोधायची मला सवय लागली आहे. आज सापडली नाही. बादली अर्धी भरूनच वर आले.

५ मार्च

वकिलांचा फोन. "पाठ झालं का वाक्य?" जणू मी शाळेच्या नाटकात आहे!

६ मार्च

'सही करताना माझ्या लक्षात आले नाही.' आरशासमोर म्हटले. व्याकरणदृष्ट्या निर्दोष. पुन्हा म्हटले. प्रत्येक वेळी 'माझ्या' या शब्दावर जीभ अडते.

तरी ठरले. म्हणणार. पैसे मी मोजले आहेत, छपराखाली वाकून मी राहिले आहे. तिला कुठेतरी खोली मिळेल. हातात कला आहे. ज्यांनी माझे बोट पाहिले ते आता नाहीत. मला खोटे पाडू शकेल असे या जगात कोणी उरलेले नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्यातही चूक नाही.

७ मार्च

लेक मागच्या बाकावर. अधिकारी तरुण, अतिशय सौम्य. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, तिसरे पान पुढे सरकवले आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "एवढंसं टिंब, आजी! या वयात नजरेतून सुटायचंच. लक्षातच आलं नसेल, होय ना?" वकिलांनी टेबलाखालून पायाने खुणावले. मला नुसते 'हो' म्हणायचे होते.

नजरेतून सुटायचंच! माझ्या!

"दिसले होते," मी म्हणाले. "सही करण्यापूर्वी. अगदी स्पष्ट."

वकील छत्री विसरून निघून गेले. बाहेर पायरीवर लेकीने माझे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी बोललात ना, काकू?"

चूक होती. दुरुस्त केली नाही.